दोन ओळी

"ताई, बाबांना तुमच्याच कंपनीचा पंप लावतायत. लावू देत ना?"

भावाचा फोन ऐकताच तिने लॅपटॉप पुढे ओढला.

"थांबव त्यांना. पाच मिनिटं दे."

"डॉक्टर म्हणतात, जास्तीत जास्त पाचच आहेत."

हृदयाचं औषध थेंबाथेंबाने सोडणारा हा पंप. त्याचा बहुतेक प्रोग्राम तिने लिहिला होता, सी या संगणकभाषेत. मोटर फिरवणारा छोटा तुकडा मात्र मास्तरांचा, असेंब्ली या जुन्या भाषेतला. मास्तर, म्हणजे तिचे वरिष्ठ, जानेवारीत निवृत्त झाले. त्यांचं सगळंच निराळं. स्वतःची 'डोस.एस' फाइल ते हाताने असेंबल करायचे, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात उतरवायचे, आणि तयार झालेली 'डोस.ओ' फोल्डरमध्ये ठेवून द्यायचे. मग तिने बटण दाबलं की सी कंपाइल व्हायचं आणि लिंकर नावाचा प्रोग्राम त्याला ती 'डोस.ओ' जोडून टाकायचा.

"लिंकर भोळा आहे गं, समोर ठेवशील ते जोडतो," असं म्हणून ते हसायचे.

ते निवृत्त झाल्यावर तिला त्यांच्या तुकड्यात चूक सापडली. तिचं सी चिपमधल्या ज्या कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, डोसचा आकडा ठेवायचं, तेच रजिस्टर हा तुकडा वापरायचा आणि आकडा परत ठेवायचाच नाही. शेजाऱ्याची खुर्ची न्यावी आणि परत द्यायला विसरावं, तसं. क्वचित कधीतरी डोस दहापट जायचा, तोही चाचणीत सहसा न सापडता. मार्चमध्ये तिने मास्तरांच्या 'डोस.एस'मध्ये दोन ओळी घातल्या. सुरुवातीला आकडा जपून ठेव, शेवटी परत दे. सीमध्ये आवृत्तीचा आकडा वाढवून चार पॉइंट दोन केला, बटण दाबलं आणि सगळ्या दवाखान्यांना पाठवून दिलं.

पण या पंपातला प्रोग्राम नवा की जुना?

"चालू केल्यावर पडद्यावर काय दिसतंय?"

"चार पॉइंट दोन."

नवाच होता. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. तिने 'डोस.एस' उघडली. घाईत नाव दोनदा चुकलं. दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या. तिने त्या तीनदा वाचल्या.

"लावा म्हणावं. त्यात एक चूक होती, ती मी दोन ओळी घालून काढलीय."

थोड्या वेळाने भावाचा मेसेज आला. 'लावला. बाबा सिस्टरना सांगतायत, पोरीचं यंत्र आहे, जपून हाताळा. तुझ्या त्या दोन ओळी बघायच्यात म्हणे.'

तिचा जीव भांड्यात पडला. उभा जन्म पार्सल खात्यात तारखांचे शिक्के तपासण्यात गेलेल्या माणसाला या ओळींतलं काय कळणार? तिला हसू आलं. तिने पडद्याचा फोटो काढून पाठवला. कडेची फायलींची यादीही तारखांसकट त्यात आली. मग ती सकाळपासून पहिल्यांदाच घोटभर पाणी प्यायली.

पुन्हा फोन वाजला. भावाचाच मेसेज.

'बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. विचारतायत, डोस.एसवर तारीख मार्चची आहे, मग तिच्या खालच्या डोस.ओवर जानेवारीची कशी?'