ताईचे फोन

उदासीवरच्या गोळीचा डोस तीन आठवड्यांत चौपट झाला आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या बोटांना कंप सुटला. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटू लागले. डॉक्टरांकडे एरवी ताईही आत यायची. आज तिने ताईला बाहेरच बसवलं. "इतक्या झपाट्याने डोस का वाढवलात?" डॉक्टरांनी फाईल चाळली. "तुमच्या ताईंचे फोन येतात. तुम्ही रात्रभर ओरडता, भांडी फेकता..." आई गेल्यावर जिने वाढवलं, तिने हे सांगावं? "मी वाटीसुद्धा आपटलेली नाही. रात्री रडते, तेवढंच. मला एकदा तरी विचारायचंत!" डॉक्टरांनी ओशाळून डोस हळूहळू उतरवायचं लिहून दिलं. दार उघडताच ताई लगबगीने उठली. "काय म्हणाले? वाढवला ना?" "माझं रडणं नकोसं झालं होतं, तर सांगायचंस. मी वेगळी राहिले असते." ताई खाली बघत पुटपुटली, "ऐकवत नव्हतं गं."