थोरल्या जावेची मागणी
फुलसावंगीच्या मैनाबाई आणि कुंदा सख्ख्या जावा. एकाच उन्हाळ्यात दोघींच्याही स्तनातली कर्करोगाची गाठ यवतमाळला काढली. पुढे थोरलीला नुसत्या गोळ्या मिळाल्या, धाकटीला मात्र केमो. ऐन सलाईनच्या वेळी कुंदा अडून बसली. “बिमारी एकच हाय नं? मंग बाईले गोळी आन् मले हे जहर काहून?” मैनाबाई दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नाव एक, पण गाठी वेगळ्या. केमोचा फायदा त्यांना अगदी थोडा, तुम्हाला भरपूर. काल त्यांनाही हेच समजावलं.” “त्यायले कायले?” “हट्टच धरला त्यांनी. म्हणे, पोरीनं एकटीनं कायले भोगावं? मलेबी सलाईन लावा.” कुंदानं वळून पाहिलं. मैनाबाई ओशाळून पदर सारखा करत होत्या. एवढं मोठं मन तिनं माहेरीही पाहिलं नव्हतं. “बाई, अठी बसा,” म्हणत कुंदानं नर्सपुढे हात केला.