न्यायाधीशाची भूमिका

वकिली सांभाळून सिनेमात कामं करणारी संघप्रिया कांबळे कोर्टातून थेट आली, त्यामुळे गळ्याला वकिलाचा पांढरा बँड तसाच होता. सिनेमाचे निर्माते पिराजीराव यांच्या ऑफिसात समीक्षक शिरगावकर सर चहा पीत बसले होते. सरांनी चांगलं लिहिलं की पुरस्कार मिळतो, म्हणून पिराजीराव भूमिका ठरवतानाच त्यांना बोलावून घेत. नव्या सिनेमात न्यायाधीश कोणी व्हायचं, ते आज ठरणार होतं.

सरांनी तिला नखशिखान्त पाहिलं आणि पिराजीरावांकडे वळून हळहळले.

"बघा, मी लिहिलं होतं तेच. मागे पडद्यावर वकील झाल्या होत्या, तेव्हाही हा बँड गळ्यात उसना वाटत होता. कोर्टात वावरलेल्या बाईची मान वेगळी असते हो."

"सर, त्या खऱ्याच वकील हाईत," पिराजीराव म्हणाले. "माझी भावकीतली जमिनीची केस त्याच चालवत्यात की."

दुसरा एखादा माणूस इथे जरा थांबला असता. सर थांबले नाहीत.

"असतील. पण पडद्यावर असून भागत नाही, वाटावं लागतं. त्यांची ऊसतोडणीवाली आठवा. तिथं अभिनय नव्हताच. ते रक्तातूनच आलं होतं."

"रक्त आलं होतं, सर," संघप्रिया म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कोयता बोटावर बसला. माझे वडील बँकेत मॅनेजर होते. आमच्या घरची शेती म्हणजे कुंडीतला कढीपत्ता."

"हा तुमचा विनय," सर म्हणाले.

त्या तोडणीवालीचं कौतुक झालं आणि संघप्रियाला पुढे वीटभट्टी मिळाली, मग धुणीभांडी, मग पुन्हा ऊस. प्रत्येक परीक्षणात सरांनी 'सहज' लिहिलं. मधे एकदाच वकील मिळाली, ती 'कृत्रिम' निघाली. आजची न्यायाधीश गेली तर पुढे काय काय मिळेल, ते तिला माहीत होतं.

पिराजीरावांनी तिच्याकडे न बघता सुपारी कातरली.

"मग असं करू. जज ती पुण्याची नवी पोरगी करंल. वकीलबाईंना आरोपीची आई. कोर्टाच्या पायरीवर बसून रडायचं."

"वा," सर म्हणाले. त्यांचे डोळे आत्ताच भरून आले होते. "तिथं त्यांना काही करावंच लागणार नाही."

संघप्रिया उठली. गुडघे दुखत असूनही पिराजीराव जिन्यापर्यंत सोडायला आले.

"राग मानू नका, वकीलबाई. आणि सोमवारी हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं आपली तारीख हाय. ज्युनिअरला धाडू नका, तुम्हीच उभ्या ऱ्हावा."

"का? तिथं मी खरी वाटते?"

पिराजीरावांना प्रश्नच कळला नाही.

"तिथं काय वाटायचंय?" ते म्हणाले. "तिथं माझी सहा एकर हाय."