तीन काजं

लेकीनं मागच्या सीटच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

“बाबा, पट्ट्यांची बक्कलं कुठायत?”

“आत आहेत,” मास्तर म्हणाले. “कव्हराखाली दाबून टाकलीत. वर ठेवली की शिवणीची रेघ मोडते.”

गाडी मास्तरांच्या सीटकव्हरच्या दुकानापुढे शेडमध्ये उभी होती. जावयाची, नवीकोरी. तिची कव्हरं मास्तरांनी एकट्यानं शिवली होती, कारागिराला सुईसुद्धा लावू दिली नव्हती. तपकिरी रेक्झिन, त्यावर चौकड्यांची शिवण, एक टाका इकडचा तिकडे नाही. शेजारचा पंक्चरवाला काळे हात पाठीमागे बांधून दोनदा बघून गेला होता. आता लेक, जावई आणि तीन वर्षांची नात चार तासांच्या प्रवासाला निघायची होती, आणि लेक पोरीची छोटी खुर्ची पोटाशी धरून उघड्या दारात खोळंबली होती. ही खुर्ची सीटच्या पट्ट्यानंच आवळून बांधायची असते. पट्टा वर लोंबत होता. तो अडकवायला खाली काहीच नव्हतं.

“अगं, मांडीवर घे की तिला,” जावई म्हणाला. “बाबांनी आठवडाभर खपून केलंय.”

“मांडीवर?” लेक अपघात विभागात नर्स होती. तिथलं ती घरी कधी काढत नसे. “गाडी दणकन थांबली तर हातात पर्ससुद्धा राहत नाही. पोरगी राहील?”

जावई टपावरची नसलेली धूळ पुसायला लागला.

मास्तरांना मात्र राग आला. तीस वर्षं ते असंच शिवत आले होते, आणि एकटे तेच नव्हे, या धंद्यातले झाडून सगळे. गिऱ्हाईकाला मागची सीट बैठकीतल्या सोफ्यासारखी सपाट लागते. बक्कल बुडाला टोचतं म्हणे. पुढचा पट्टा लोक पोलिसासाठी लावतात. मागे पोलीस बघत नाही, मग मागच्याला जीव आहे हेही कुणी बघत नाही.

“तीस वर्षांत एका माणसानं माझ्याकडे मागचं बक्कल मागितलं नाही,” ते म्हणाले. “एकानंही.”

“नाहीच मागणार, बाबा. ज्याला लागतं, त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्याकडे पुढचे येतात ते चालत येतात. मागच्यांना भेटायला.”

आवाज तिनं खालीच ठेवला होता. नात पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यात बोट बुडवून बुडबुडे काढत होती.

मास्तर दुकानात गेले. परत आले तेव्हा हातात पातं होतं, खडू होता, कानामागे वाकडी सुई. ते गुडघे टेकून मागच्या सीटवर चढले. खडूनं तीन रेघा मारल्या. पहिल्या रेघेवर पातं ठेवलं आणि हात थबकला. स्वतःच्या शिवणीला या हातानं पातं कधी लावलं नव्हतं.

मग लावलं. रेक्झिन चरचरत फाटलं. दोन बोटं आत गेली आणि पहिलं बक्कल वर आलं. त्यावरचा कारखान्यातला प्लास्टिकचा कागदही अजून तसाच होता.

पंक्चरवाला लगेच हजर. “काय मास्तर, एवढं शिवलेलं फाडताय? जावयाशी बिनसलं का काय?”

“फाडत नाही रे. काज करतोय.”

आणि ते खरंच काज करत होते. सीटकव्हरांच्या आधी त्यांनी दहा वर्षं शर्ट शिवले होते. मेण लावलेला दोरा घेऊन ते फाटलेल्या कडेवर टाक्याला टाका चिकटवत गेले. बोटं विसरली नव्हती.

“दोन बास झाली की, बाबा,” जावई घड्याळ बघत म्हणाला. “मधे कोण बसतंय?”

“मधे तुमच्या आई बसतात.”

जावयानं घड्याळावर बाही ओढून घेतली.

तिसरं काज झालं. लेकीनं खुर्ची ठेवली, पट्टा ओवला, बक्कलात सारला. खट्. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा हलवली. खुर्चीऐवजी गाडीच हलली. नातीला उचलून आत बसवलं, तिचे पट्टे आवळले, तेव्हा पोरीनं मान खाली घालून सगळीकडे नीट पाहिलं.

“आजोबा, मला बटण लावलं,” ती म्हणाली.

“लावलं बरं. आता उघडायचं नाही.”

लेकीनं काजाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “छान झालंय.”

“रेघ मोडली,” मास्तर म्हणाले.

“मोडू दे.”

गाडी गेली. मास्तर स्टुलावर बसले आणि चहाचा कप तोंडाला लावला. आज चहा का कोण जाणे, बरा लागत होता. रेघ मोडली होती खरी, पण डोळ्यांपुढून हलत नव्हती ती तीन काजंच.

अर्धा कप संपला असेल. पंक्चरवाल्याकडे एक पांढरी गाडी हवा भरायला येऊन थांबली. मागच्या सीटवर एक म्हातारी, तिच्या दोन्ही अंगांना दोन नातवंडं. आणि त्यांच्या पाठीमागे, काचेतून लख्ख दिसणारी चौकड्यांची शिवण. मास्तरांनी शंभर गाड्यांत ओळखली असती.

त्यांनी कप खाली ठेवला. सुई कानामागे होतीच. खडू घेतला, पातं घेतलं आणि जाऊन पुढच्या काचेवर टकटक केलं. चालवणाऱ्यानं आधी पातं पाहिलं, मग काच जेमतेम चार बोटं खाली घेतली.

“काय झालं हो?”

“काही नाही. गाडी जरा आमच्या शेडमध्ये घ्या,” मास्तर म्हणाले. “शिवण माझी आहे. तीन काजं राहिलीत.”