उतरू का?

अठ्ठावन्न साली पनवेलच्या मैदानात भामा सलग चार दिवस सायकलवर गोल फिरत होती. जमिनीला पाय टेकायचा नाही, हीच पैज. पंधरा वर्षं शर्यती जिंकलेली बाई. पण मागच्या खेळात ती रात्री गुपचूप उतरून झोपली अशी आवई उठली, आणि लोकांनी तिची जुनी बक्षिसंही लबाडीची ठरवली. विश्वास उरला तो एकट्या आईचा. डोळ्यांनी अधू झालेली ती म्हातारी रिंगणाच्या दोरीपाशी खांबाला टेकून बसली होती. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, “या खेपेला उतरू नको, पोरी. काय पन झाला तरी नाय.”

दर फेरीला भामा घंटी वाजवायची आणि आई हात वर करायची.

शेवटचा तास उरला तेव्हा घंटी वाजली, पण हात वर आला नाही. पुढच्या फेरीलाही नाही. आईची मान छातीवर कलली होती. मग भामा घंटी वाजवतच सुटली.

“बघा, जिंकायच्या आनंदात कशी वाजवतेय!” लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या टाळ्यांत भामाचा आवाज दोरीपर्यंतही पोचत नव्हता. पायडल मारत ती पुन्हा पुन्हा विचारत होती, “आये, उतरू का गं?”