साठीच्या पुढचं वाक्य

बाइंडरकाकांनी जुना रिपोर्ट टेबलावर ठेवला. वर्षापूर्वीचा, सोनोग्राफीचा. वर-खाली पुठ्ठा घालून, पाठीला कापडी पट्टी लावून स्वतःच्या हाताने बांधलेला. दोन कागदांना केवढा तो थाट!

"जपून ठेवा म्हणाला होतात ना," काका म्हणाले.

डॉक्टरांनी तो उघडलाच नाही. आतलं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. 'प्रोस्टेट ग्रंथी वयोमानानुसार वाढलेली. काळजीचं कारण नाही.' ते कॉम्प्युटरमध्ये तयारच असायचं. साठीच्या पुढचा पेशंट आला की एक बटण दाबायचं, वाक्य हजर, पुढचा पेशंट आत. आज सकाळी त्यांनी वर्षापूर्वीच्या फिल्म काढून पाहिल्या होत्या. कडेला गाठ होती, वाटाण्याएवढी. लक्ष देऊन पाहिलं असतं तर तेव्हाच दिसली असती.

आता एमआरआय झाला होता. सुईने काढलेल्या तुकड्यांचा बायॉप्सी रिपोर्टही आला होता. कॅन्सर, आणि तोही क्वचितच आढळणारा.

"हा प्रकार फार दुर्मिळ आहे, काका," डॉक्टर म्हणाले. "तुमची रक्ताची तपासणीसुद्धा नॉर्मल आली होती. भल्याभल्यांना चकवतो हा."

यातलं काही खोटं नव्हतं. तरी त्यांची नजर वर होईना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

शेजारी बसलेल्या काकूंनी पदराने डोळे पुसले. "माझंच चुकलं हो. रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, दुसरीकडे दाखवू म्हटलं तर म्हणायचे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, तुझं आपलं काहीतरीच. हाताला धरून न्यायला हवं होतं मी."

डॉक्टरांना ते ऐकवेना.

"काकू, तुमचं काही चुकलं नाही. गाठ तेव्हाही होती. मी नीट पाहिलं नाही. ते वाक्य तुम्ही यायच्या आधीच लिहिलेलं होतं."

मग काकांनी तो बांधलेला रिपोर्ट जवळ ओढला आणि कापडी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, डॉक्टर," ते म्हणाले. "आत काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही. पण पानं मोजल्याशिवाय एकालाही दोरा घातला नाही."