कानामागची चकती

मेंदूचा स्कॅन करताना डॉक्टरांना वसुमतीला फिट आणणारा आवाज सापडला. आता कानामागे बसवलेली चकती तेवढाच आवाज मेंदूपर्यंत पोचू देत नसे. तो कोणता, हे मात्र नवरा सांगेना. “डॉक्टरांनी मनाई केलीय,” एवढंच श्रीधर म्हणे. पाणी कुठंतरी मुरतंय, असं तिला सारखं वाटायचं.

मैत्रिणीच्या डोहाळजेवणात उखाणे सुरू झाले. साऱ्याजणींनी घेतलेली नावं तिला नीट ऐकू आली. मग एरवी नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी वसुमतीही उठली.

“दह्याची कवडी, दुधाची साय, श्रीधररावांचं नाव घेते, आणखी हवं काय!”

बायका हसल्या. वसुमतीचा हात कानामागच्या चकतीकडे गेला. स्वतःचाच उखाणा तिला अख्खा ऐकू आला होता, फक्त नाव सोडून.

तिनं दाराकडे पाहिलं. तिला न्यायला आलेला श्रीधर मान खाली घालून नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा शोधत होता.